प्लाझ्मा आणि विरघळणाऱ्या परांच्या

अळवाच्या पानावर पडलेला पाण्याचा थेंब आपण सर्वांनी पाहिला आहे. तो पानाला भिजवीत नाही. पाऱ्याच्या गोळीसारखा वाटोळा होऊन इकडून तिकडे घरंगळतो आणि पान जरासे कलते झाले की खाली पडून जातो. ‘अळवावरचे पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत क्षणभंगुरतेसाठी रूढ झाला, त्याचे मूळ या साध्या निरीक्षणात आहे. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. थेंब आणि पान एकमेकांना धरून राहतील की नाही, हे कशावरून ठरते? पानाच्या आत काय आहे, याच्याशी थेंबाला काही कर्तव्य नसते. पानाच्या सर्वांत वरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मेणचट थरावर आणि त्या थराच्या बारीक उंचसखलपणावर सारे अवलंबून असते. तो थर बोटाने चोळून काढला, की तेच पान भिजू लागते.

ऊतक अभियांत्रिकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकाच्या शाखेपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. तेथे थेंबाच्या जागी जिवंत पेशी असते आणि पानाच्या जागी बहुवारिकाचा, म्हणजे आपण व्यवहारात ज्याला प्लॅस्टिक म्हणतो तशा द्रव्याचा, तुकडा असतो. पेशीने त्याला धरून राहावे अशी अपेक्षा असते. तिला ते जमले नाही, तर ती थेंबासारखी घरंगळून दुसरीकडे जात नाही, ती मरते.

हे द्रव्य कोणते आणि पेशीने त्याला का धरावे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके आज सर्वांच्या परिचयाचे आहेत. पूर्वी त्यांसाठी ‘कॅटगट’ नावाचा दोरा वापरीत. नावात मांजर असले, तरी तो तयार होई मेंढ्यांच्या अथवा गुरांच्या आतड्यांपासून. प्राणिज द्रव्य असल्यामुळे तो किती दिवसांत विरघळेल याचा नेम नसे आणि त्याच्यामुळे जखमेच्या जागी दाहही होई. १९३२ साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरॉदर्स यांनी (पुढे नायलॉनचे जनक म्हणून त्यांची कीर्ती झाली) लॅक्टाइड या वलयाकार संयुगाचे रेणू एकमेकांस जोडून त्यांची साखळी तयार केली. लॅक्टाइड मिळते लॅक्टिक अम्लापासून, आणि लॅक्टिक अम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा आणणारे अम्ल. या साखळीचे दुवे ज्या एस्टर-बंधांनी जोडलेले असतात, ते बंध पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू तुटतात. टिकाऊ धाग्याच्या शोधात असलेल्यांना असे द्रव्य काय कामाचे?

शल्यचिकित्सकांना मात्र हा दोषच गुण वाटला. १९६६ साली आर. के. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पॉलिलॅक्टिक अम्लाचा शस्त्रक्रियेतील रोपणांसाठी उपयोग करण्याविषयी अमेरिकेतील एका शल्यविज्ञानविषयक नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक अम्लाचा ‘डेक्सॉन’ हा दोरा आणि १९७४ साली ‘व्हिक्रिल’ हा दोरा वापरात आला. व्हिक्रिलमध्ये ग्लायकॉलिक अम्लाचे नऊ भाग आणि लॅक्टिक अम्लाचा एक भाग असे घटकांचे प्रमाण असते. बंध तुटून जी अम्ले मोकळी होतात ती शरीराला परकी नसतात. लॅक्टिक अम्ल तर आपले स्नायू रोजच तयार करीत असतात. शेवटी त्यांचे पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड होऊन ती शरीराबाहेर जातात.

टाका विरघळू शकतो, तर एखाद्या अवयवाचा साचा का विरघळू नये, हा विचार पुढे बॉस्टन येथे मूळ धरू लागला. तेथील बालशल्यचिकित्सक जोसेफ व्हॅकँटी यांना रोपणासाठी अवयव न मिळाल्यामुळे मुले दगावताना पाहावी लागत होती. त्यांनी रासायनिक अभियंते रॉबर्ट लँगर यांच्या साहाय्याने एक योजना आखली. विघटनशील बहुवारिकाची सच्छिद्र आकृती तयार करावयाची, तिच्यात पेशी पेरावयाच्या, आणि पेशी वाढून आपले ऊतक आपणच विणू लागल्या की मूळ आकृती विरघळून जावी. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या दोघांनी लिहिलेल्या लेखाने या विषयाला एक स्वतंत्र शाखा म्हणून रूप दिले. १९९७ साली प्रसिद्ध झालेले उंदराचे छायाचित्र पुष्कळांना आठवत असेल. त्याच्या पाठीवर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढलेली होती. त्या कानाच्या आत पॉलिग्लायकॉलिक अम्लाच्या तंतूंची जाळी होती, तिच्यावर पॉलिलॅक्टिक अम्लाचा लेप होता आणि तिच्यात पेरलेल्या पेशी वासराच्या कूर्चेतून घेतलेल्या होत्या.

गवंडी इमारत बांधताना बांबूंची परांची उभारतात आणि काम पुरे झाले की ती सोडून टाकतात. ऊतक अभियांत्रिकीतील ही आकृतीही एक परांचीच होय. फरक इतकाच, की ती सोडावी लागत नाही. पुढील विवेचनात तिला परांची हेच नाव दिले आहे.

परांचीसाठी द्रव्य निवडताना दोन गोष्टी पाहिल्या जातात. ते पुरेसे बळकट असले पाहिजे आणि ते योग्य काळात विरघळले पाहिजे. पॉलिग्लायकॉलिक अम्लाची ताकद काही आठवड्यांतच ओसरते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या बहुवारिकाला पूर्णपणे नाहीसे होण्यास दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दोहोंच्या मधल्या वेगाची मिश्र बहुवारिकेही तयार करता येतात. हाड, कूर्चा, त्वचा यांच्या भरून येण्याच्या गतीप्रमाणे अभियंता त्यांतून निवड करतो. या साऱ्या हिशेबात पेशीला काय मानवेल, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नव्हता. बहुवारिकांची ही साखळी बव्हंशी हायड्रोकार्बनी स्वभावाची असल्यामुळे पाण्याशी तिचे फारसे जमत नाही. तिच्यावरचा थेंब अळवावरच्याइतका वाटोळा होत नाही, पण नीट पसरतही नाही. दाट सच्छिद्र परांची पोषकद्रवात टाकली, तर ती पुष्कळदा तशीच तरंगत राहते. तिच्या छिद्रांतील हवा बाहेर पडत नाही आणि द्रव आत शिरत नाही. आत पेरलेल्या पेशींना मग अन्न मिळावे कोठून?

येथे पेशीच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रक्तातील पेशी सोडल्या, तर आपल्या शरीरातील बहुतेक पेशी आधाराला धरून राहणाऱ्या असतात. आधार सुटणे हा त्यांच्या दृष्टीने मृत्यूचा संकेत असतो. आधार तुटलेली पेशी ठरावीक क्रमाने स्वतःचा अंत घडवून आणते. १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस या संशोधकांनी या प्रकाराचे वर्णन केले आणि त्याला ग्रीक भाषेतून ‘अनॉइकिस’ असे नाव दिले. त्याचा अर्थ बेघर होणे. शरीराच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची आहे. आपली जागा सोडून भरकटलेली पेशी भलत्याच ठिकाणी रुजू नये, याची ती तजवीज आहे. कर्करोगाच्या पेशी पसरतात त्या बऱ्याच अंशी हा नियम मोडूनच. परंतु प्रयोगशाळेत परांचीवर पेरलेली निरोगी पेशी हा नियम काटेकोरपणे पाळते. तिला काही तासांत पाय रोवता आला नाही, तर तिच्यासाठी केलेली पुढची सर्व तयारी व्यर्थ जाते.

पाय रोवणे हा शब्दप्रयोग येथे जवळजवळ शब्दशः घ्यावयास हरकत नाही. मात्र पेशी प्लॅस्टिकवर थेट पाय ठेवीतच नाही. कोणताही पृष्ठभाग रक्तात वा पोषकद्रवात बुडविला, की पेशी तेथे पोचण्यापूर्वीच, अवघ्या काही सेकंदांत, द्रवातील प्रथिनांचा एक पातळ थर त्याच्यावर बसतो. हा थर स्थिर नसतो. आधी येऊन बसलेल्या प्रथिनांना नंतरची प्रथिने उठवितात आणि त्यांची जागा घेतात. मूळचे डच रक्तशास्त्रज्ञ लिओ व्हरोमन (ते डच भाषेतील नामवंत कवीही होते) यांनी १९६० च्या दशकात या अदलाबदलीचा अभ्यास केला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पेशीला जे ओळखीचे असते ते हे प्रथिन. तिच्या पटलातून बाहेर डोकावणारे इंटेग्रिन नावाचे रेणू फायब्रोनेक्टिनासारख्या प्रथिनातील एक विशिष्ट खूण शोधतात. ती खूण आश्चर्य वाटावे इतकी लहान आहे. १९८४ साली पिअर्शबाकर आणि रुओस्लाहटी यांनी दाखवून दिले, की हजारो अणूंच्या त्या अजस्र रेणूऐवजी आर्जिनीन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक अम्ल आणि सेरीन या चारच ॲमिनो अम्लांचा तुकडाही पेशीला धरून ठेवू शकतो.

आता पृष्ठभागाचे महत्त्व ध्यानात येईल. अगदी जलविरोधी पृष्ठभागावर प्रथिने घट्ट चिकटतात खरी, पण चिकटताना त्यांची मूळची घडी विस्कटते आणि पेशीला हवी असलेली खूण आत दडपली जाण्याचा संभव असतो. उलट पृष्ठभाग फारच जलस्नेही असला, तर पाण्याचा थरच तेथे इतका घट्ट बसतो की प्रथिनांना तेथे टिकता येत नाही. म्हणजे अळवाचे पान उपयोगाचे नाही आणि ओल्या शेवाळाचा दगडही उपयोगाचा नाही. हवा तो मध्यम प्रकारचा, माफक भिजणारा पृष्ठभाग. शिवाय तो मिळवावयाचा तर परांचीच्या अंतरंगाला धक्का लावता कामा नये, कारण तिची ताकद आणि विरघळण्याचा वेग हे दोन्ही गुण अंतरंगातच असतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवूनही पृष्ठभाग जलस्नेही होतो. परंतु अल्क ज्या एस्टर-बंधांना तोडून हे काम करते त्याच बंधांवर परांची उभी असते, आणि द्रावण कोठे थांबेल याचा भरवसा नसतो. पृष्ठभागापुरतेच काम करून थांबेल असे साधन हवे होते. ते सापडले वायूच्या एका अवस्थेत.

प्लाझ्मा हा शब्द वाचताच मराठी वाचकाच्या मनात रक्तद्रव येण्याचा संभव आहे. विज्ञानाच्या परिभाषेत येथे अभिप्रेत असलेल्या अर्थी ‘आयनद्रायू’ असा प्रतिशब्द योजलेला आहे आणि तो अर्थवाहीही आहे. तरी व्यवहारात तो रुळला नसल्यामुळे येथे मूळचाच शब्द ठेवला आहे. दोन्ही अर्थांचा संबंध मात्र निव्वळ योगायोगाचा नाही. विरळ वायूतून विद्युत्प्रवाह सोडला असता जी प्रकाशमान अवस्था दिसते, तिचा उल्लेख विल्यम क्रुक्स यांनी १८७९ साली द्रव्याची चौथी अवस्था म्हणून केला होता. तिला प्लाझ्मा हे नाव १९२८ साली अर्व्हिंग लँगम्युर यांनी दिले. त्यांचे सहकारी हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांनी १९७१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात या नामकरणाची आठवण सांगितली आहे. रक्तद्रव ज्याप्रमाणे तांबड्या व पांढऱ्या पेशी वाहून नेतो, त्याप्रमाणे हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, असे साम्य लँगम्युर यांना जाणवले होते. आज तोच प्लाझ्मा पुन्हा पेशींच्या सेवेला लागला आहे, हे त्यांना कळले असते तर गंमत वाटली असती.

सूर्य हा प्लाझ्माचाच गोळा आहे. मग प्लाझ्मात ठेवलेले प्लॅस्टिक जळून कसे जात नाही? पॉलिकॅप्रोलॅक्टोन तर सुमारे ६० अंश सेल्सियसलाच वितळते. याचे उत्तर आपल्या घरातील ट्यूबलाइटने फार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. तिच्या आतही प्लाझ्मा असतो. त्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांहून अधिक असते, तरीही नळी हाताला जेमतेम कोमट लागते. इलेक्ट्रॉन हा अरगॉनच्या अणूपेक्षा सुमारे ७३,००० पट हलका असतो. विद्युत्क्षेत्र त्याला क्षणात वेग देते, परंतु तो वेग त्याला जड अणूंच्या अंगी लावता येत नाही. हरभऱ्याचा दाणा हत्तीवर फेकून मारावा तसा तो आदळून परततो. त्यामुळे इलेक्ट्रॉन तप्त आणि वायू थंड अशी विलक्षण स्थिती टिकून राहते. हिलाच शीत प्लाझ्मा म्हणतात. या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचे एकक आहे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-कार्बन बंध तोडण्यास असे सुमारे ३.६ एकक लागतात, आणि शीत प्लाझ्मातील पुष्कळ इलेक्ट्रॉनांजवळ तेवढी ऊर्जा असते. रासायनिक बंध तुटावेत पण वस्तू तापू नये, असे हे दुर्मिळ साधन आहे.

उपकरण दिसावयास साधे असते. काचेची वा धातूची एक बंद कोठी असते. तिच्यात परांची ठेवून पंपाने हवा काढून घेतात आणि वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक सहस्रांश इतक्या दाबाने हवा तो वायू आत सोडतात. मग विद्युत्क्षेत्र लावतात. ते बहुधा सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा दिशा बदलणारे असते. ही वारंवारता औद्योगिक वापरासाठी राखून ठेवलेली असल्याने रेडिओच्या संदेशवहनात तिची अडचण होत नाही. कोठीत वायूनुसार गुलाबी, जांभळट किंवा फिकट निळा उजेड पसरतो. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत हा उजेड ठेवला, की काम होते. निर्वात कोठीवाचून, उघड्या हवेतही शीत प्लाझ्मा निर्माण करता येतो. दोन विद्युत्-अग्रांमध्ये काचेसारखा विद्युत्-रोधक पडदा ठेवून विसर्जन घडविण्याची युक्ती वेर्नर फॉन सिमेन्स यांनी १८५७ साली ओझोन तयार करण्यासाठी योजली होती, आणि ती अद्याप जुनी झालेली नाही.

त्या उजेडात बहुवारिकाच्या पृष्ठभागावर एकाच वेळी पुष्कळ गोष्टी घडतात. आयनांचा मारा होतो, अतिनील किरण पडतात, साखळ्या जागोजागी तुटतात आणि तुटलेल्या टोकांवर मुक्त मूलके, म्हणजे जोडीदार शोधणारे अतृप्त अणुगट, तयार होतात. कोठीत ऑक्सिजन असेल तर या टोकांना हायड्रॉक्सिल, कार्बोनिल आणि कार्बॉक्सिल गट येऊन मिळतात. अमोनिया असेल तर नायट्रोजनयुक्त अमीन गट मिळतात. अरगॉन स्वतः कोणाशीही संयोग पावत नाही. तरी तुकडा बाहेर काढल्यावर हवेतील ऑक्सिजन त्या टोकांचा ताबा घेतो. हे सारे गट पाण्याला जवळचे वाटणारे असल्यामुळे पृष्ठभाग भिजू लागतो.

प्लाझ्मा पृष्ठभाग खरवडतोही. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी नीट वाटली जात नाही, म्हणून त्याला टाकी लावून घेतात. तसाच हा प्रकार आहे, फक्त टाकीचे घाव नॅनोमीटरांत मोजावे लागतात. याचे एक उदाहरण आपल्याच देशात पाहावयास मिळते. हिमाचल प्रदेशात पाळल्या जाणाऱ्या अंगोरा सशांची लोकर अतिशय मऊ असते, पण तिचे तंतू इतके निसरडे असतात की सुतात ते एकमेकांना धरीत नाहीत आणि विणलेल्या कापडातून गळत राहतात. गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेने अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या सहकार्याने या लोकरीवर हवेच्या प्लाझ्माची प्रक्रिया करण्याची पद्धत विकसित केली. तंतूंचा पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो आणि ते एकमेकांना धरू लागतात. लोकर आणि पेशी यांत साम्य काय, असे वाटेल. परंतु दोन्हीकडे अडचण एकच आहे, आणि आतील द्रव्य न बदलता ती दूर करावयाची आहे.

काम किती झाले हे मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो जितका मोठा, तितका पृष्ठभाग पाण्याला परका. पॉलिलॅक्टिक अम्लाच्या सपाट पापुद्र्यावर हा कोन सामान्यतः ८० अंशांच्या आसपास असतो आणि ऑक्सिजनच्या प्लाझ्मानंतर तो पुष्कळ खाली येतो. रासायनिक फरक पाहण्यासाठी क्ष-किरणांनी पृष्ठभागातून बाहेर फेकल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. ही पद्धत विकसित केल्याबद्दल स्वीडनचे काई सीगबान यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या पद्धतीची दृष्टी जेमतेम १० नॅनोमीटर खोल पोचते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या थराच्या पातळपणाची कल्पना येईल. प्लाझ्माने घडविलेला रासायनिक बदलही मुख्यतः एवढ्याच खोलीचा असतो.

ही प्रक्रिया काही नवलाईची राहिलेली नाही. जगभरातील जीवविज्ञानाच्या प्रयोगशाळांत पेशी वाढविण्यासाठी ज्या पारदर्शक बशा वापरतात, त्या पॉलिस्टायरीनच्या असतात. कोऱ्या पॉलिस्टायरीनवर पेशी नीट धरत नाहीत, म्हणून कारखान्यातच या बशांवर विद्युत्-विसर्जनाची किंवा प्लाझ्माची प्रक्रिया केलेली असते. ग्लासगो येथील कर्टिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली या बशांचा अभ्यास करून पेशींच्या चिकटण्यात हायड्रॉक्सिल गटांचा वाटा मोठा असल्याचे दाखविले. बशी पाकिटातून काढून वापरणाऱ्या पुष्कळांना मात्र या प्रक्रियेची दखलही नसते.

बशी सपाट आणि न विरघळणारी असते, म्हणून तेथे हे सोपे झाले. विघटनशील परांचीच्या बाबतीत तीन अडचणी येतात. पहिली अतिरेकाची. या बहुवारिकांच्या साखळीत ऑक्सिजन मुळातच असतो. पॉलिलॅक्टिक अम्लात दर तीन कार्बन अणूंमागे दोन ऑक्सिजन अणू असतात. म्हणून प्लाझ्माने त्यात पडणारी भर फार मोठी दिसत नाही, आणि ती वाढविण्याच्या मोहाने प्रक्रिया लांबविली, तर साखळ्यांचे इतके बारीक तुकडे होतात की पहिल्या धुण्यातच ते वाहून जातात. पेशीने ज्याच्यावर पाय ठेवावयाचा तो थरच सैल झालेला असतो. स्पर्शकोन मात्र त्या वेळी फार सुंदर आलेला असतो. एकट्या स्पर्शकोनावर विसंबून काढलेले निष्कर्ष सावधपणे वाचावेत, असे म्हटले जाते ते याचमुळे.

दुसरी अडचण खोलीची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच सर्वांत अवघड आहे. हाडासाठी केलेल्या परांचीतील छिद्रे सामान्यतः शंभर ते काही शे मायक्रोमीटर रुंद असतात आणि ती वेड्यावाकड्या बोळांनी एकमेकांना जोडलेली असतात. कोठीतील विरळ दाबाला वायूचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी ७० मायक्रोमीटरांच्या आसपास प्रवास करतो. म्हणजे त्या बोळांत शिरलेला क्रियाशील कण दुसऱ्या कणाला भेटण्याच्या आतबाहेरच भिंतीला टेकतो आणि तेथेच खर्ची पडतो. खरा प्लाझ्मा अशा छिद्रात तयारच होऊ शकत नाही. बाहेर तयार झालेले कण जेवढे आत झिरपतील तेवढेच. परिणामी परांचीचा बाहेरचा भाग उत्तम भिजतो आणि गाभा कोरडा राहतो. पेशी दारातच गर्दी करतात, छिद्रे बुजवितात, आणि आतला भाग उपाशी राहतो. वायूचा प्रवाह परांचीतूनच नेणे, दाब आणखी उतरविणे, किंवा थर चढविण्यापूर्वीच सुटे तंतू प्रक्रियेतून काढणे असे उपाय योजले जातात. पातळ जाळ्यांच्या बाबतीत ते चांगले लागू पडतात. जाड ठोकळ्यांच्या बाबतीत तितके नाही.

तिसरी अडचण काळाची. प्लाझ्माने पृष्ठभागावर आणलेले जलस्नेही गट हवेत ठेवले की हळूहळू आत वळतात, कारण हवेच्या सान्निध्यात जलविरोधी भाग वर असणेच साखळीला सोयीचे असते. काही दिवसांत वा आठवड्यांत स्पर्शकोन पुन्हा चढू लागतो. साखळ्या जितक्या हालत्या, तितके हे विस्मरण लवकर घडते. पॉलिलॅक्टिक अम्ल ६० अंशांच्या खाली काचेसारखे ताठ असते, त्यामुळे सामान्य तापमानाला ते बरेच दिवस शिकविलेले लक्षात ठेवते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या साखळ्यांचे अस्फटिकी भाग मात्र उणे ६० अंशांपर्यंत हालते राहतात. यात निर्जंतुकीकरणाची भर पडते. रुग्णालयातील नेहमीच्या वाफेच्या पेटीत १२१ अंश तापमान असते. पॉलिलॅक्टिक अम्लाचे बंध त्या वाफेत तुटू लागतात आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन तर तेथे वितळूनच जाईल. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण वापरावे लागतात, आणि त्यांचाही पृष्ठभागावर काही ना काही परिणाम होतोच.

या तिसऱ्या अडचणीवर एक मार्ग असा, की प्लाझ्माने तयार केलेल्या गटांना लगेच कामाला लावावे. २००२ साली बीजिंग येथील संशोधकांनी पॉलिलॅक्टिक अम्लावर अमोनियाच्या प्लाझ्माची प्रक्रिया केली आणि त्या पृष्ठभागावर कोलॅजेन हे प्रथिन बसविले. नुसत्या कोऱ्या पृष्ठभागावर कोलॅजेन धुतले जाते. अमीन गटांनी ते धरून ठेवले. कोलॅजेन हे शरीरातील ऊतकांचे नेहमीचेच सूत असल्यामुळे पेशींना ते ओळखीचे असते. दुसऱ्या काही प्रयोगशाळांत प्रक्रिया केलेल्या परांच्या पाण्यात किंवा थंडीत ठेवतात, म्हणजे गट आत वळण्याचा वेग मंदावतो.

हे सर्व प्रयोगशाळेच्या बशीतील झाले. शरीरात काय घडेल हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची घाई किती महागात पडते हे या शतकात दिसून आले आहे. २०११ आणि २०१२ या वर्षांत स्टॉकहोम येथे तीन रुग्णांना पेशी पेरलेल्या कृत्रिम श्वासनलिका बसविण्यात आल्या. त्या नळ्या विघटनशील नव्हत्या, त्यामुळे प्रस्तुत विषयाशी त्यांचा संबंध दुरूनच येतो. परंतु कृत्रिम बहुवारिकावर पेशी धरतील, पसरतील आणि ऊतक तयार होईल, याच भरवशावर ते साहस केले गेले होते. तसे घडले नाही. तिन्ही रुग्ण पुढे दगावले आणि २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने संबंधित शल्यचिकित्सकास दोषी ठरविले. बशीत चोवीस तासांनी किती पेशी चिकटलेल्या आढळल्या, या आकड्यावरून माणसाच्या छातीत काय होईल हे सांगता येत नाही. विघटनशील परांच्यांवरील प्लाझ्माचे बहुतांश काम अजूनही बशीत आणि प्राण्यांवरच झालेले आहे.

तरीही एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण ती प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. पृष्ठभागाचा बदल टिकत नाही, ही तक्रार वस्तू फडताळात पडून राहते तेव्हाची आहे. परांची एकदा द्रवात बुडून तिच्यात पेशी पेरल्या गेल्या, की हिशेब बदलतो. प्रथिनांचा थर सेकंदांत बसतो. पेशी त्या थराला काही तासांत धरते आणि चपटी होऊन पसरते. त्यानंतर ती स्वतःचे फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेन बाहेर सोडू लागते, आणि काही दिवसांत तिच्या पायाखाली प्लॅस्टिक राहत नाही, तिने स्वतः विणलेले जाळे असते. खालचे गट त्यानंतर आत वळले तरी पेशीला त्याचा पत्ता लागण्याचे कारण नाही. परांची विरघळावयाला तर अजून महिने असतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी परांच्यांवर आगाऊ प्रक्रिया करून त्या साठवून ठेवण्याऐवजी, पेशी पेरावयाच्या त्याच दिवशी कोठीतून काढून, हात न लावता सरळ पोषकद्रवात सोडण्याची पद्धत आहे.